साक्ष द्यायला काहीच नाहीये, काकू

या वेळचं पत्र नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलंय, मोठं आहे म्हणून कापून देतेय:

"काकू, सलाम. वय ३९. मिस्टर टेम्पो चालवायचे आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. मागच्या वर्षी दिवाळीनंतर पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं पण शब्द येत नाही, फक्त मोबाईलवर भजन लावलं की मधेच गुणगुणतात. टेम्पो विकला तरी हप्ते राहिलेतच. मी ब्लाउज शिवते. मुलगा दहावीला आहे. सासूबाई म्हणतात ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो. महिला मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, घरात काही गुप्त पाप असेल तर कबूल करून टाका. एका प्रार्थना ग्रुपचे ब्रदर येतात, ते म्हणतात २१ दिवस उपास करा, बाविसाव्या दिवशी उठून चालतील, गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, आणि विश्वासाचं पाऊल म्हणून ११,००० अर्पण टाका. मला तर प्रार्थनाच होत नाही, डोळे मिटले की राग येतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये साक्षीची वेळ असते, देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं, सगळे माझ्याकडे बघतात. दुःखातून विश्वास वाढतो म्हणतात, माझा तर आटून गेलाय. मी ढोंगी आहे का? कधी कधी वाटतं सकाळी उठूच नये. मला अहोजाहो करू नका प्लीज."

पोरी, सलाम.

बाकी सगळं नंतर, आधी गोळ्या. एकही गोळी बंद करायची नाही. झटका येऊन गेलेल्या माणसाची बीपीची गोळी आणि रक्त पातळ ठेवायची गोळी मनाने थांबवली की दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो, आणि दुसरा झटका आला तर हे ब्रदर तुझ्याबरोबर आयसीयूच्या बाहेर बसायला येणार नाहीयेत. गोळी कमी करायची, बदलायची, बंद करायची ते फक्त डॉक्टर सांगतील. आणि कोणी बायबलचं वचन काढून वाद घालायला लागला तर तूही वचन काढ ना. शुभवर्तमान लिहिणारा लूक, त्याला प्रेषित पौल कलस्सैकरांच्या पत्रात प्रिय वैद्य म्हणतो. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचं पोट सारखं बिघडायचं तर त्याला सांगतो की नुसतं पाणी पिऊ नको, थोडा द्राक्षारस घे, म्हणजे त्या काळातलं औषधच की ते. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे जी कोणी कधी उपदेशाला घेत नाही, त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेत गावात ठेवून आलो. बस, एवढंच लिहिलंय. पौलाच्या हातून लोक बरे झाल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत आहे आणि त्याच पौलाने आपल्या सोबत्याला आजारी अवस्थेत मागे ठेवलं. आता पौलाचा विश्वास कमी पडला म्हणायचं का?

आजाऱ्यासाठी प्रार्थना करू नको असं मी म्हणत नाहीये हां. करायचीच. पण याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पद्धत सांगितलीये ती बघ, आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या जाणत्या पुढाऱ्यांना, बोलवायचं आणि त्यांनी येऊन तेल लावून प्रार्थना करायची. म्हणजे तेल घेऊन त्यांनी यायचंय, पाकीट घेऊन तू जायचं नाहीये. ते ११,००० फिजिओथेरपीला ठेव. आणि तुझा उपास तर नकोच, दिवसभर एका मोठ्या माणसाला उठवणं बसवणं करणारी बाई उपाशी राहिली तर चक्कर येऊन दोघंही पडाल.

बाविसाव्या दिवशी चालतील हे वाचून मला बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २८ वा अध्याय आठवला. सगळ्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसला २९ वा असतो, "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत" वाला, फुलांच्या फोटोवर. त्याच्या मागचा अध्याय मात्र कोणी लावत नाही. यहुदी लोकांना धरून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, नेलेलं असतं, घरदार गेलेलं, आणि हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून छातीठोक सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळणार. लोकांना किती गोड वाटलं असेल ते! यिर्मया म्हणतो आमेन, तसंच होवो, पण मग देवाकडून त्याला कळतं ते वेगळंच असतं, आणि तो बंदिवानांना पत्र लिहितो की ७० वर्षं लागतील, तेव्हा तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा. आणि ते स्टेटसवालं वचन येतं ते याच पत्रात, ७० वर्षं सांगून झाल्यावर लगेच. खोटा कोण ठरला? तारीख जवळची सांगणारा.

म्हणून मला विचारशील तर आशा म्हणजे हे बाबेलात झाड लावणं आहे. मिस्टर बरे होतील का, किती होतील, हे मी सांगू शकत नाही, पहिल्या तीनेक-सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते आणि नंतर ती हळू होते पण होत राहते, असं साधारण डॉक्टर सांगतात. तेव्हा व्यायाम सोडायचा नाही. पण ते पहिल्यासारखे होईपर्यंत आयुष्य थांबवून ठेवायचं असं करू नको, नाहीतर दर रविवारी "अजून नाही झालं" एवढाच हिशोब होत राहील.

आता गुप्त पापवाल्या बाई. त्यांना मी काय बोलले असते ते इथे छापता येणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूचे शिष्य अगदी हेच विचारतात, हा आंधळा जन्मला तर पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशू सरळ सांगतो, यानेही नाही, आईबापानेही नाही. आणि काही चूक नसताना सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र बघ, पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, आणि तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि सुरू झालं तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव चिडतो तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही. ईयोबाने तर देवाला काय काय सुनावलं होतं, जन्मलो तो दिवस नष्ट होवो इथपर्यंत, तरी देव म्हणतो माझ्याविषयी योग्य तो बोलला, तुम्ही नाही. तेव्हा त्या बाई परत आल्या की चहा दे आणि विषय बदल. नाहीच थांबल्या तर सांग की नवऱ्याला बीपी होतं आणि ते बरेच दिवस तपासलं नव्हतं, हे काही गुप्त नाहीये.

सासूबाईंचं वेगळं आहे गं. त्यांचं वचन चुकीच्या ठिकाणी लागलंय, इब्रीकरांचं ते पत्र विश्वासामुळे छळ सोसणाऱ्या लोकांना लिहिलंय, मेंदूतली रक्ताची गुठळी हा त्याचा विषय नाही. पण त्यांच्याशी वाद घालू नको. त्या त्याची आई आहेत. स्वतःच्या डोळ्यांदेखत पोरगा असा पडलेला बघायचा आणि त्याला काही कारणच नाही हे त्यांना झेपत नसणार, म्हणून देवाची शिक्षा तर शिक्षा, निदान देवाच्या हातात तरी आहे असं धरून बसल्यात. संध्याकाळी त्याचा डावा हात हातात घेऊन बसायचं काम त्यांना दे, त्या वेळेत तू बाहेर एक चक्कर मारून ये.

मी ढोंगी आहे का, विचारतेस. अगं डोळे मिटल्यावर राग येतो तो कोणावर येतो? देवावरच ना? मग बोल की त्याला. आपल्याकडे उपासनेत बसून बसून आपल्याला वाटायला लागतं की प्रार्थना म्हणजे "हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुझे उपकार" इथून सुरू झालं तरच ती प्रार्थना. स्तोत्रसंहिता उघडून बघ, १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा रडगाणं आहे, मी मुद्दाम हाच शब्द वापरतेय. तेराव्यात तो कुठवर, अजून कुठवर असं पुन्हा पुन्हा विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं तर असं आहे की शेवटपर्यंत उजाडतच नाही, संपतंच अंधारावर, तरी कोणीतरी ते मंदिरात गायला लिहिलं आणि कोणी काढून टाकलं नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं तेही बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. त्याला तर कोणी अविश्वासू म्हणत नाही. म्हणून तू सध्या स्वतःचे शब्द शोधायला जाऊच नको. मशिनवर बसायच्या आधी अठ्ठ्याऐंशीवं मोठ्याने वाच, घरात कोणी नसताना, पाहिजे तर मधे थांबून दोन शिव्या पण दे. मिनिटाभराने वाटलं पुरे, तर पुरे. आमेन म्हणायचीही जबरदस्ती नाही.

सकाळी उठूच नये वाटतं हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस पण मी तिथे थांबणार आहे. नुसतं दमल्यामुळे वाटतंय की जीव नकोसा होतोय, हे मला पत्रातून कळत नाही, म्हणून हे कोणाला तरी समोरासमोर सांगायचंच. पाळकबाईंना सांग, बहिणीला सांग, मिस्टरांच्या डॉक्टरांना सांग. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, रात्री-बेरात्री कधीही लागते, मराठीत बोलतात. त्याने विश्वासाला काही बट्टा लागत नाही. एलीया इतका मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवून आलेला, आणि दुसऱ्याच अध्यायात एका झुडपाखाली पडून म्हणतो देवा आता पुरे झालं, माझा जीव घे. देवाने काय केलं? उपदेश नाही, वचन नाही. देवदूत पाठवला, त्याने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा लोटा उशाशी ठेवला. एलीयाने खाल्लं आणि परत झोपला! देवदूताने दुसऱ्यांदा उठवलं, परत खायला घातलं. बोलणं पुढे डोंगरावर गेल्यावर. तेव्हा रात्री सलग पाच तास तरी झोप मिळेल अशी सोय कर, तुझ्या आध्यात्मिक वाढीची सुरुवात मी तिथूनच करेन.

आणि वाढ म्हणजे काय ते तरी बघू. पौल रोमकरांना लिहितो की संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते. लोक हे इतकं भराभर म्हणतात की वाटतं संकट टाकलं एका बाजूने की आशा निघाली दुसऱ्या बाजूने, पिठाच्या गिरणीसारखं. मधे दोन टप्पे आहेत आणि दोन्ही हळू चालणारे आहेत, धीर काही आठवड्याभरात येत नसतो. शिवाय पौल "आपण" म्हणून लिहितोय, स्वतः मार खाल्लेला माणूस आपल्यासारख्यांना सांगतोय. बरं चाललेल्या माणसाने पडलेल्याच्या डोक्यात घालायचं वाक्य नाहीये ते.

पंडिता रमाबाईंचं सगळ्यांना माहीत असतं, केडगावचं मुक्ती मिशन वगैरे, पण त्यांच्या आयुष्यातल्या तारखा जरा सावकाश वाच. १८५८ चा जन्म. विशीच्या आत असताना दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. १८८० ला भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न, आणि १८८२ ला नवरा गेला, पदरात वर्षाचीही न झालेली मुलगी. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. आता आपल्याकडच्या साक्षीत इथे गोष्ट संपते, प्रभू भेटला, सगळं छान झालं. पण बाईंनी स्वतः लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, तो सापडायला पुढे आठेक वर्षं गेली. आठ वर्षं! त्या आठ वर्षांत बाई परदेशात शिकल्या, अमेरिकेत भाषणं दिली, परत येऊन मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, म्हणजे काम चालूच होतं आणि आत मात्र ते समाधान नव्हतं. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणल्या, त्या मुलींची अवस्था त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, स्वतः त्यातून गेल्या होत्या. आणि म्हातारपणी सोपं झालं का, तर नाही, ऐकू येणं कमी झालेलं, १९२१ ला एकुलती एक मनोरमा गेली, आणि तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करायचं काम १९२२ ला जाईपर्यंत चालू ठेवलं. हे मी तुला "बघ त्यांनी केलं, तू पण कर" म्हणून सांगत नाहीये, प्लीज. त्या रमाबाई होत्या, तुला ब्लाउज वेळेवर दिले तरी पुष्कळ झालं. सांगतेय ते एवढ्यासाठी की त्या आठ वर्षांत कोणी त्यांना ढोंगी ठरवलं असतं तर किती चूक झाली असती.

आणि पत्रात तू एक ओळ सहज लिहून गेलीस जी मी वर कापलीये. फिजिओथेरपीला जाताना आता दोन भाकरी जास्त बांधून नेतेस, कारण तिथे एक म्हातारी बाई मुलाला घेऊन लांबून येते आणि दुपारपर्यंत उपाशी बसते, सोबत लाल मिरचीचा ठेचा पण, कारण तिला हिरवा सोसत नाही. मागच्या वर्षी तुला त्या रांगेत कोण उपाशी आहे हे दिसलं असतं का? मला माहीत नाही, तुलाच माहीत. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला पौल लिहितो की देव आपलं सांत्वन करतो ते आपण दुसऱ्याचं करावं म्हणून. तुझं सांत्वन अजून झालेलं नाही हे मला दिसतंय, तरी भाकरी मात्र पोचतेय.

याचा अर्थ ती म्हातारी जेवावी म्हणून देवाने तुझ्या नवऱ्याला झटका दिला, असं कोणी म्हणालं तर त्याला घराबाहेर काढ. दुःखातून काहीतरी चांगलं निघतं म्हणून दुःख चांगलं ठरत नाही.

मिस्टर भजन गुणगुणतात ते डॉक्टरांना सांगितलंस का? सांगच. उजवी बाजू आणि बोलणं एकदम जातं ते बहुतेक मेंदूच्या डाव्या भागाला मार लागल्यामुळे, आणि बोलता न येणारी अशी काही माणसं गाऊ शकतात, कारण चालीसाठी मेंदूचा उजवा भागही कामाला येतो. चालीवरून बोलणं परत शिकवायची पद्धतच आहे, स्पीच थेरपिस्टना माहीत असते. तोवर घरी त्यांना तोंडपाठ असलेलं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन घ्या, हळू, एकच कडवं, शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडायचा आणि थांबायचं. आला तर आला, नाही आला तर रागवायचं नाही. आणि पेटी कपाटावर झाकून ठेवली असशील तर खाली काढ. डावा हात चालतोय ना? भाता दुसरं कोणीतरी मारेल, सूर त्यांनी धरायचे. झटक्यानंतर पुष्कळ जणांना डिप्रेशन येतं, ते बोलू शकत नाहीत म्हणून सांगतही नाहीत, तेव्हा तेही डॉक्टरांच्या कानावर घाल.

साक्षीचं म्हणशील तर पाळकसाहेबांना आधीच फोन करून सांग की माझं नाव पुकारू नका. पुकारलंच तर उभं राहून "आमच्यासाठी प्रार्थना करत राहा आणि बुधवारी दुपारी दोन तास कोणीतरी घरी येऊन यांच्याजवळ बसा" एवढं म्हण. लोक मदत करायला तयार असतात गं, पण "काही लागलं तर सांगा" म्हणून निघून जातात आणि आपणही काही सांगत नाही. सरळ वाटून दे, एकाने बुधवार, एकाने फिजिओला गाडीवर सोडायचं, महिला मंडळाने महिन्यातून चार डबे. त्या गुप्त पापवाल्या बाईंना सुद्धा डब्याच्या यादीत घाल. सिव्हिलमधून दिव्यांग प्रमाणपत्र करून घे, त्यावर सरकारी योजनांचे अर्ज करता येतात, कागदपत्रांसाठी मंडळीतल्या एखाद्या शिकलेल्या पोराला बरोबर ने. हप्त्यांसाठी फायनान्सवाल्यांकडे लेखी अर्ज दे, तोंडी बोलून काही होत नाही, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेऊन ये.

राहता राहिला मुलगा. एवढ्या मोठ्या पत्रात त्याच्याबद्दल फक्त दहावीला आहे एवढंच लिहिलंस. त्यानेही ते गुप्त पापाचं ऐकलं असेल, घर लहान आहे तुमचं, आणि या वयाची पोरं काहीही मनात धरून बसतात, आपण पप्पांशी भांडलो होतो म्हणून झालं असंही. त्याला एकट्याला बाहेर ने, वडापाव खाऊ घाल, आणि तुझ्यामुळे झालं नाही हे स्पष्ट शब्दांत सांग, त्याने विचारायची वाट बघू नको. भाता मारायचं काम त्यालाच दे, पण प्रिलिम झाल्यावर.